पाण्यावरचे बिऱ्हाड : मराठी साहित्यातील नौकानिवास आणि नौकांचा शेजार
(हर्णे बंदराच्या संदर्भात)

१. प्रस्तावना

महाराष्ट्राला सातशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा समुद्रकिनारा लाभला आहे. या किनाऱ्यावरील गावे, वाड्या, देवदेवता, बोली आणि भाऊबंदकी यांचे चित्रण करणारे कथात्म साहित्य मराठीत विपुल प्रमाणात उपलब्ध आहे. 'प्रादेशिक साहित्य' या संज्ञेखाली त्याची चर्चाही भरपूर झाली आहे. मात्र या चर्चेत एक साधा प्रश्न सहसा विचारला गेलेला नाही. जी माणसे वर्षातील आठ-दहा महिने नौकेवरच राहतात, तेथेच रांधतात, झोपतात, आजारी पडतात आणि शेजारच्या नौकेवरील माणसांशी स्नेहसंबंध जोडतात, त्यांचे जीवन या साहित्यात नेमके कोठे आहे?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. मराठी वाचकाच्या परिचयाच्या काही कलाकृतींतून समुद्र आणि नौका कोणत्या रूपात येतात हे आरंभी पाहिले आहे. त्यानंतर नौकेवर कायमचे वास्तव्य करणाऱ्या पाश्चात्त्य नौकाविहारींनी आपल्या जीवनाचे लेखन कसे केले याचा निर्देश करून, रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्याच्या हर्णे बंदरातील वास्तव त्याच्याशेजारी ठेवले आहे. मराठी साहित्याने समुद्राकडे मुख्यतः किनाऱ्यावरून पाहिले. त्यामुळे नौका हे त्याच्या लेखी जाण्या-येण्याचे साधन राहिले, राहण्याचे स्थळ झाले नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. या दृष्टीचा परिणाम साहित्यापुरता मर्यादित राहत नाही. तो आपल्या समीक्षेच्या संज्ञांपर्यंत आणि किनारपट्टीवरील महाविद्यालयांच्या वर्गांपर्यंत पोहोचतो.

२. 'बिऱ्हाड' आणि 'शेजार'

विवेचनापूर्वी दोन शब्दांचा अर्थ निश्चित करणे आवश्यक आहे. पहिला शब्द 'बिऱ्हाड'. घर आणि बिऱ्हाड यांत मराठी भाषेने सूक्ष्म भेद केला आहे. घर हे मालकीचे, पिढीजात आणि एका जागी स्थिर असते. बिऱ्हाड थाटता येते, हलविता येते आणि प्रसंगी पाठीवरही घेता येते. विंचवाच्या बिऱ्हाडाची म्हण सर्वपरिचित आहे. नौकेवरील वास्तव्याला 'घर' म्हणण्यापेक्षा 'बिऱ्हाड' म्हणणे अधिक यथार्थ ठरते, कारण तेथे जागा अपुरी असते, सामान मोजके असते आणि मुक्काम हवामानावर अवलंबून असतो. 'प्रवास' या शब्दातही 'वास', म्हणजे राहणे, अंतर्भूत आहे. मूळ अर्थाने प्रवास म्हणजे घरापासून दूर राहणे. व्यवहारात मात्र आपण त्यातील 'जाणे' तेवढे ठेवले आणि 'राहणे' विसरलो.

दुसरा शब्द 'शेजार'. जमिनीवरील शेजार सामाईक कुंपणाने, विहिरीने किंवा पाणंदीने निर्माण होतो. तो बहुधा जन्माने मिळतो आणि मोडला तरी सुटत नाही. पाण्यावरील शेजाराला कुंपण नसते. एकाच आडोशाला नांगर टाकलेल्या दोन नौका त्या रात्रीपुरत्या शेजारी असतात. दुसऱ्या दिवशी एक उत्तरेस जाते, दुसरी दक्षिणेस. पुन्हा भेट झालीच तर ती तिसऱ्याच बंदरात होते. असा शेजार अल्पजीवी असला तरी वरवरचा असेलच असे नाही. बंद पडलेले इंजिन, संपत आलेले गोडे पाणी, अंगात ताप असलेला सोबती अशा प्रसंगी मदतीला जवळ असते ती शेजारची नौकाच. सख्खा भाऊ गावी असला तरी तो या क्षणी उपयोगी पडत नाही. या दोन संकल्पनांच्या आधारे आता काही कलाकृतींकडे वळता येईल.

३. किनाऱ्यावरून दिसणारा समुद्र

कोकणच्या प्रादेशिक कादंबरीचा विचार श्री. ना. पेंडसे यांच्याशिवाय होऊ शकत नाही. त्यांचा जन्म १९१३ मध्ये दापोली तालुक्यातील मुर्डी येथे झाला. आंजर्ल्याच्या परिसरातील हे गाव हर्णे बंदरापासून दूर नाही. 'एल्गार' (१९४९), 'हद्दपार' (१९५०), 'गारंबीचा बापू' (१९५२) या कादंबऱ्यांनी या भूभागाला मराठी साहित्यात कायमचे स्थान मिळवून दिले. 'गारंबीचा बापू' मधील बापूचे बंड, राधेशी असलेले त्याचे नाते आणि गावकीशी त्याने मांडलेला उभा दावा हे सारे एका घट्ट जमिनीवर उभे आहे. सुपारीच्या बागा, खोती, देवस्थान आणि वाडी हे त्या जगाचे आधारस्तंभ आहेत. 'तुंबाडचे खोत' (१९८७) या द्विखंडात्मक कादंबरीत जगबुडी नदीच्या काठावरील एका घराण्याच्या चार पिढ्यांची कथा येते. तेथेही पाण्याचे महत्त्व काठामुळे आहे. पेंडसे यांच्या कलात्मक सामर्थ्याविषयी येथे शंका घ्यावयाची नाही. त्यांनी निवडलेले जग जमिनीच्या मालकीने बांधलेले होते आणि त्या जगाशी ते पूर्णपणे प्रामाणिक राहिले. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, ज्या कादंबऱ्यांवरून आपण 'कोकणचा प्रदेश' ही कल्पना सिद्ध केली, त्या कादंबऱ्यांत प्रदेशाची सीमा भरतीच्या रेषेपाशी संपते.

ही रेषा ओलांडण्याचा आभास कोळीगीतांत होतो. शांता शेळके यांनी लिहिलेली आणि हृदयनाथ मंगेशकर यांच्या संगीतातून घरोघरी पोहोचलेली कोळीगीते हा मराठी भावगीताचा अत्यंत लोकप्रिय भाग आहे. त्यांतील डोलकर दर्याचा अभिमान बाळगतो आणि वादळाच्या रात्री किनाऱ्यावरची स्त्री त्याची वाट पाहते. ही गीते गुणवत्तेने श्रेष्ठ आहेत. तथापि त्यांतील भावनेचे केंद्र प्रतीक्षेत आहे, आणि प्रतीक्षा ही किनाऱ्यावरच करता येते. नौकेवर त्या वेळी कोण कोणाशी काय बोलत होते, हे गीताला सांगावयाचे नसते.

मल्याळम साहित्यातील तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या 'चेम्मीन' (१९५६) या कादंबरीशी या संदर्भात तुलना करता येईल. समुद्रावर गेलेल्या पुरुषाचे रक्षण किनाऱ्यावरील पत्नीच्या पातिव्रत्याने होते, या लोकश्रद्धेभोवती ती कादंबरी रचलेली आहे. कोळी समाजाच्या इतक्या अंतरंगात शिरलेल्या कलाकृतीतही समुद्राचा न्याय किनाऱ्यावर ठरतो. म्हणजेच ही दृष्टी केवळ मराठीची मर्यादा नव्हे. भारतीय साहित्यात तिला व्यापक आधार आहे.

अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या कादंबरिकेचा पु. ल. देशपांडे यांनी केलेला 'एका कोळियाने' (१९६५) हा अनुवाद मराठी वाचकाला प्रथमच इतका दीर्घ काळ नौकेवर ठेवतो. चौऱ्याऐंशी दिवस मासळी न मिळालेला म्हातारा कोळी होडीत एकटा आहे. त्याचे बोलणे माशाशी, पक्ष्याशी आणि स्वतःच्या आखडलेल्या हाताशी चालते. त्याला ज्याची आठवण येते तो मुलगा मात्र किनाऱ्यावर आहे. नौकेवरील एकांताचे इतके प्रत्ययकारी चित्र दुर्मिळच. परंतु तो एकांत आहे. नौकेवरील सहवास आणि नौकांमधील स्नेह हा त्या कलाकृतीचा विषय नाही.

४. पार करावयाचा समुद्र

नौकेवरील सहवासाचा विचार मराठीत कोठे झाला असेल तर तो विश्राम बेडेकर यांच्या 'रणांगण' (१९३९) या कादंबरीत. युरोपातून भारताकडे येणाऱ्या बोटीवर चक्रधर आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा यांची भेट होते. महायुद्धाचे सावट, निर्वासितांची असहायता आणि थोड्या दिवसांची मुदत लाभलेले प्रेम यांतून ही छोटी कादंबरी उभी राहते. तिची थोरवी समीक्षकांनी अनेकदा सांगितली आहे. येथे तिचा विचार वेगळ्या अंगाने करावयाचा आहे.

'रणांगण' मधील बोट ही काही दिवसांची वसाहत आहे. राष्ट्र, धर्म आणि भाषा यांनी एरवी विलग असणारी माणसे तेथे एका डेकवर वावरतात. जमिनीवर जे नाते जुळलेच नसते ते येथे जुळते, कारण बोटीवर जमिनीचे नियम काही काळ शिथिल होतात. परंतु हे नाते बंदर येईपर्यंतच टिकते. मुंबई बंदर येते, चक्रधर उतरतो आणि हॅर्टा पुढे जाते. बंदर म्हणजे जमिनीच्या नियमांचे पुनरागमन. हॅर्टाच्या वाट्याला उतरण्याजोगी भूमीच उरलेली नाही आणि अखेर ती समुद्रातच जीव देते. या शोकांतिकेचे मर्म आपण सामान्यतः युद्ध आणि वंशद्वेष यांत शोधतो, आणि ते योग्यच आहे. तरीही कादंबरीच्या रचनेत एक गृहीत दडलेले आहे. माणसाने शेवटी कोठेतरी उतरले पाहिजे, बोटीवर आयुष्य काढता येत नाही, हे ते गृहीत. निर्वासिताची यातना या गृहीतामुळेच अधिक तीव्र होते. त्यामुळे 'रणांगण' ही सहप्रवासाची श्रेष्ठ कादंबरी आहे, पण तिला नौकानिवासाची कादंबरी म्हणता येणार नाही.

५. विक्रमाचा समुद्र

एकविसाव्या शतकात भारतीय नौकानयनाच्या इतिहासात एक नवे पर्व सुरू झाले. व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांच्या प्रेरणेने भारतीय नौदलाने 'सागर परिक्रमा' हा उपक्रम हाती घेतला. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात छप्पन्न फूट लांबीची 'म्हादेई' ही शिडाची नौका बांधण्यात आली. तिच्यावरून कमांडर दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबई सोडली आणि चार बंदरांत मुक्काम करीत मे २०१० मध्ये ते परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यानंतर अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये त्याच नौकेतून कोठेही न थांबता परिक्रमा पूर्ण केली. २०१७-१८ मध्ये लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी 'तारिणी' या नौकेतून, आणि २०२४-२५ मध्ये त्याच नौकेतून केवळ दोन महिला अधिकाऱ्यांनी, पृथ्वीप्रदक्षिणा केली.

दोंदे यांनी आपल्या अनुभवांवर 'द फर्स्ट इंडियन' (२०१४) हे इंग्रजी पुस्तक लिहिले. नौका बांधून घेण्यातील अडचणी आणि पूर्वतयारी यांना त्यात प्रत्यक्ष परिक्रमेइतकेच स्थान आहे, हे त्याचे मोलाचे वैशिष्ट्य. समुद्र म्हणजे केवळ लाटा नसून सुतारकाम, दोरखंड आणि पत्रव्यवहारही आहे, हे वाचकाला त्यातून उमगते. परंतु शीर्षकातील 'पहिला' हा शब्द पुस्तकाची जात निश्चित करतो. हे विक्रमाचे लेखन आहे. विक्रमाला आरंभबिंदू आणि अंतबिंदू लागतो, मैलांची मोजणी लागते आणि अखेरचे स्वागत लागते. या रचनेत बंदरांतील भेटीगाठी दोन टप्प्यांमधील विश्रांती म्हणून येतात. नौका हे अनेक महिने राहण्याचे ठिकाण असूनही कथनाचे लक्ष तिच्या पुढे सरकण्यावर राहते.

या परंपरेतील एक तपशील मराठी वाचकाने विसरू नये. १९६८-६९ मध्ये कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले नाविक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 'सुहेली' ही नौका मुंबईत सागवानी लाकडातून बांधली गेली होती. जगाच्या नौकानयनाच्या इतिहासात नौकेचे नाव अजरामर झाले. तिच्या फळ्या तासणारे मुंबईचे सुतार मात्र त्या इतिहासात अनामिकच राहिले. लेखन कोणाच्या वाट्याला येते आणि श्रम कोणाच्या, हा प्रश्न येथूनच सुरू होतो.

६. परस्परांना लिहिणारा शेजार

विक्रमाच्या परंपरेला समांतर अशी एक दुसरी परंपरा पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकात रुजली. जोशुआ स्लोकम यांनी १८९५ ते १८९८ या काळात 'स्प्रे' या छोट्या नौकेतून एकट्याने जगप्रदक्षिणा केली आणि १९०० मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. तो वाचताना जाणवते की, स्लोकम यांना घाई नाही. ते बंदरोबंदरी थांबतात, लोकांना नौकेवर बोलावतात, त्यांच्याकडे जेवतात. फ्रेंच नाविक बेर्नार म्वातेसिए तर १९६९ मध्ये शर्यतीचा अंतिम टप्पा सोडून आपली नौका ताहितीकडे नेतात. शर्यत जिंकण्यापेक्षा नौकेवर राहणे त्यांना अधिक मोलाचे वाटले.

यातूनच घरदार आवरून नौकेवर कायमचे राहावयास गेलेल्या कुटुंबांचा एक विखुरलेला समाज तयार झाला. १९५२ मध्ये कॅलिफोर्नियात नौकेवर राहणाऱ्या सहा दांपत्यांनी 'सेव्हन सीज क्रूझिंग असोसिएशन' ही संघटना स्थापन केली. सभासदांनी निरनिराळ्या बंदरांतून पाठविलेली पत्रे तिच्या पत्रिकेत छापली जात. कोणत्या खाडीत नांगर धरतो, गोडे पाणी कोठे मिळते, कोणत्या गावचे लोक अगत्यशील आहेत, कोणाची नौका आता कोठे आहे, असा या पत्रांचा मजकूर. वाङ्मयीन महत्त्वाकांक्षा त्यांत नव्हती. तरीही पाण्यावरील शेजाराचे ते अस्सल लेखन होते, कारण त्याचा लेखक आणि वाचक दोघेही नौकेवरच राहत होते.

या जीवनाचा गौरव करताना सावध राहिले पाहिजे. हे नौकाविहारी बहुधा स्वतःच्या नौकेचे मालक होते. जमिनीवरचे जीवन त्यांनी स्वेच्छेने सोडले होते आणि कंटाळा आल्यास परतण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. त्यांच्या स्नेहाला या स्वातंत्र्याची पार्श्वभूमी आहे. आपल्या किनाऱ्यावरील खलाशाशी त्यांची सरसकट तुलना करणे हा श्रमाचा अपमान होईल. मात्र दोघांच्या परिस्थितीत काही अंशी साम्यही आहे. अपुरी जागा, रात्रीचा पहारा, वाऱ्याची भाषा आणि शेजारच्या नौकेवरील भिस्त या गोष्टी दोघांनाही सारख्याच लागू होतात. एकाचे जीवन लिहिले गेले आणि दुसऱ्याचे लिहिले गेले नाही, या भेदाची चिकित्सा त्यामुळेच आवश्यक ठरते.

७. हर्णे : न लिहिलेला शेजार

हर्णे हे कोकणातील मासळीच्या मोठ्या बाजारांपैकी एक. सकाळ-संध्याकाळ पुळणीवर होणारा मासळीचा लिलाव पाहण्यास दुरून पर्यटक येतात. समोर सुवर्णदुर्ग आहे. आंग्र्यांच्या आरमाराचा हा बलाढ्य किल्ला १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्स याने पेशव्यांच्या साहाय्याने घेतला. त्या विजयाच्या स्मरणार्थ जेम्सच्या पत्नीने १७८४ मध्ये लंडनजवळ मनोरा उभारला आणि त्याला सुवर्णदुर्गाचेच अपभ्रष्ट नाव मिळाले. जुलै २०२५ मध्ये 'भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश' या शीर्षकाखाली बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांत सुवर्णदुर्गही आहे. किल्ल्याचा इतिहास अशा रीतीने दोन्ही बाजूंनी नोंदला गेला. त्याच्या आडोशाला नांगरलेल्या नौकांवरील जीवनाची नोंद मात्र कोणी केली नाही.

हर्ण्याच्या पुळणीवर मोठ्या नौका थेट लागत नाहीत. त्या खोल पाण्यात उभ्या राहतात आणि मासळी छोट्या होडीतून व पुढे बैलगाडीतून किनाऱ्यावर येते. नौका आणि जमीन यांमधील हे अंतर लक्षणीय आहे. लिलाव पाहणाऱ्याला मासळी दिसते, बोली लावणारे व्यापारी दिसतात, टोपल्या सावरणाऱ्या कोळणी दिसतात. ज्या नौकेतून मासळी आली ती क्षितिजावरचा एक आकार असते. पर्यटकाची दृष्टी आणि आपल्या साहित्याची दृष्टी येथे जवळजवळ एकरूप होते.

त्या आकारात माणसे राहतात. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारीची बंदी असते. उरलेल्या हंगामात, वादळवाऱ्याचे दिवस वगळता, तांडेल आणि खलाशी यांचे बिऱ्हाड नौकेवरच असते. हर्णे-पाजपंढरीच्या स्थानिक कोळी कुटुंबांतील पुरुषाला निदान फेरी संपल्यावर घर गाठता येते. परंतु रत्नागिरी जिल्ह्यातील अनेक नौकांवर आता नेपाळमधून आणि परप्रांतांतून आलेले खलाशी काम करतात. त्यांचे या किनाऱ्यावर घर नाही. नौका बंदरात असली तरी त्यांचा मुक्काम नौकेवरच असतो. हिमालयाच्या पायथ्याशी वाढलेला तरुण ऑगस्टपासून मेपर्यंत अरबी समुद्रावर राहतो, हे आजच्या कोकणचे एक ठळक वास्तव आहे. पूर्ण वेळ नौकेवर राहणारा माणूस आपल्याकडे शोधावयाचा तर तो हाच आहे.

या नौकांमध्ये शेजार आहे. एकीचे इंजिन बंद पडले तर दुसरी तिला दोर लावून ओढत आणते. डिझेल, बर्फ आणि पाणी यांची उसनवारी चालते. वायरलेसवरून वाऱ्याची खबर दिली जाते. मासळी कोठे लागली हे सांगताना मात्र हात आखडता घेतला जातो. मैत्री आणि स्पर्धा यांचे असे मिश्रण जमिनीवरील शेजारातही असतेच. हर्ण्याला सुरक्षित आडोसा अपुरा असल्याने वादळाची सूचना मिळताच नौका आंजर्ल्याच्या खाडीत किंवा जयगडसारख्या दूरच्या बंदरात आश्रय घेतात. तेथे निरनिराळ्या बंदरांच्या नौका एकमेकींना खेटून उभ्या राहतात आणि काही दिवसांपुरते एक तरंगते गाव वसते.

अशा गावाचे सर्वांत मोठे उदाहरण डिसेंबर २०१७ मधील आहे. ओखी चक्रीवादळात सापडलेल्या केरळ आणि तमिळनाडूच्या ६८ नौका ९५२ मच्छीमारांसह सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगडच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्या. ९५२ ही संख्या कोकणातील एखाद्या गावाच्या लोकसंख्येएवढी आहे. परक्या भाषेच्या बंदरात हे गाव वसले आणि वादळ ओसरल्यावर उठले. 'रणांगण' ने ज्या प्रकारच्या सहवासातून एक अभिजात कलाकृती निर्माण केली, त्याच प्रकारचा सहवास येथे शेकडो माणसांच्या वाट्याला आला होता. तो वृत्तपत्रांच्या आकडेवारीत राहिला.

अर्थात या शेजाराचे भाबडे चित्र रंगवू नये. पर्ससीन जाळी आणि एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणारी मासेमारी यांवरून याच नौकांमध्ये तीव्र संघर्ष आहे. राज्य शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी मासेमारीस बंदी केली. तरीही पारंपरिक मच्छीमारांची तक्रार संपलेली नाही. रात्री दूरवर दिसणारा दिवा शेजाऱ्याचा की प्रतिस्पर्ध्याचा, हा प्रश्न नौकेवरील माणसाला रोजचा आहे. साहित्याला यापेक्षा समृद्ध आशयद्रव्य क्वचितच मिळते.

८. अनुपस्थितीची कारणे

हा आशय मराठी साहित्यात का आला नाही, याची तीन कारणे संभवतात.

पहिले कारण समीक्षेच्या संज्ञेत आहे. 'प्रादेशिक' या संज्ञेने प्रदेश म्हणजे भूमी असे गृहीत धरले. गाव, बोली, रूढी आणि भूगोल यांचा एकजीव मेळ ही त्या साहित्याची कसोटी ठरली. नौकेला गाव नसते. तिच्यावर तांडेलाची मराठी, खलाशांची नेपाळी आणि दोघांनाही समजणारी कामचलाऊ हिंदी एकत्र नांदतात. या कसोटीवर असे जग 'प्रदेश' म्हणून ओळखलेच जात नाही.

दुसरे कारण घराच्या कल्पनेत आहे. गृहिणी म्हणजेच घर, ही आपल्या सुभाषितकारांपासून चालत आलेली समजूत आहे. कॅलिफोर्नियातील त्या संघटनेचा आरंभ दांपत्यांनी केला, त्यामुळे त्यांच्या नौकेला घर म्हणणे सोपे गेले. आपल्याकडील मासेमारी नौकेवर स्त्री नसते. ती लिलावात, विक्रीत आणि मासळी सुकविण्यात असते. पुरुषांनी पुरुषांसाठी रांधलेले, एकमेकांच्या आजारपणात केलेले आणि परस्परांना दिलेले मायेचे व्यवहार आपल्या कौटुंबिक साहित्याच्या चौकटीत बसत नाहीत. म्हणून त्या वास्तव्याला आपण 'काम' म्हणतो, 'राहणे' म्हणत नाही.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) नंतर मराठी साहित्यात ज्यांचे जीवन त्यांनीच लिहावयाचे, हे तत्त्व प्रस्थापित झाले. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (१९८०) ने गाढवाच्या पाठीवरचे बिऱ्हाड साहित्यात आणले आणि गाव नसलेल्या माणसालाही स्वतःचे जग असते, हे वाचकाला मान्य करावयास लावले. जमिनीवरचा भटका अशा रीतीने लेखक झाला. पाण्यावरचा भटका झाला नाही, याचे कारण शिक्षणाच्या वेळापत्रकात सापडते. मासेमारीचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होऊन मे महिन्यात संपतो. आपले शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होऊन परीक्षांसह एप्रिल-मे पर्यंत चालते. दोन्ही वेळापत्रके परस्परांवर जवळजवळ तंतोतंत बसतात. जो तरुण नौकेवर जातो तो वर्गात असू शकत नाही. ज्याचे नाव हजेरीपटावर टिकते तो नौकेवरील जीवनापासून दूर जातो. किनारपट्टीवरील महाविद्यालयांतील अध्यापकांना ऑगस्टनंतर रिकामी होत जाणारी बाके अपरिचित नाहीत. नेपाळी खलाशाच्या बाबतीत तर मराठीत लिहिण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. त्याचे अनुभव कोणत्या भाषेच्या साहित्यात जमा व्हावेत, हेही अद्याप कोणी विचारलेले नाही.

याचा शैक्षणिक परिणाम गंभीर आहे. पाजपंढरीचा एखादा विद्यार्थी जेव्हा प्रादेशिक कादंबरीचा अभ्यास करतो, तेव्हा त्याला खोताची बाग आणि भटाची पडवी तपशीलवार भेटते. त्याच्या वडिलांची नौका मात्र त्याच पुस्तकात दूरचे निसर्गदृश्य असते. आपण ज्याला आपल्या परिसराचे साहित्य म्हणून शिकवितो, त्यात वर्गातील काही मुलांचा परिसरच नसतो. या मुलाने साहित्याविषयी उदासीन राहावे, याचा दोष केवळ त्याच्याकडे जात नाही.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. मराठी साहित्यात समुद्र तीन रूपांत आढळतो : किनाऱ्यावरून पाहिलेला, पार करावयाचा आणि जिंकावयाचा. या तिन्ही रूपांतून श्रेष्ठ किंवा मोलाचे लेखन झाले आहे. परंतु राहण्याचा समुद्र, म्हणजे नौका हे बिऱ्हाड आणि शेजारची नौका हा शेजार असे चौथे रूप जवळजवळ अलिखित आहे. पाश्चात्त्य नौकाविहारींनी साध्या पत्रांतून ते लिहिले, कारण लेखणी आणि सुकाणू एकाच हातात होते. आपल्याकडे हे दोन हात वेगळे राहिले.

दुसरे असे की, 'प्रादेशिक' या संज्ञेचा विस्तार करण्याची आवश्यकता आहे. आश्रयाच्या खाड्या, मासेमारीच्या जागा आणि बंदराबंदरांमधील स्नेहाचे धागे यांनी बनलेला जलप्रदेशही 'प्रदेश' मानला गेला पाहिजे. असे झाल्यास 'रणांगण' सारख्या कादंबरीचेही नव्याने वाचन करता येईल, आणि नौकेवरील मिश्र बोली ही अशुद्ध भाषा न ठरता अभ्यासाचा विषय ठरेल.

तिसरी गोष्ट व्यवहाराची आहे. जून आणि जुलै या दोन महिन्यांत नौका किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात, स्थानिक तांडेल जाळी दुरुस्त करीत बसलेले असतात आणि नेमके त्याच वेळी महाविद्यालये सुरू होतात. वर्षातील एवढाच काळ असा आहे की, नौकेवरचा माणूस आणि वर्गातला विद्यार्थी एकाच पुळणीवर असतात. मराठी विभागांनी या काळात तांडेलांची कथने, नौकेवरील शब्दसंग्रह आणि वादळातील आश्रयाच्या आठवणी विद्यार्थ्यांकरवी नोंदवून घेतल्यास एक मौलिक साधनसंग्रह सिद्ध होऊ शकेल. परप्रांतीय खलाशी त्या वेळी गावी गेलेले असतात. त्यांच्याशी बोलावयाचे तर ऑगस्टनंतर अध्यापकालाच होडीत बसून खोल पाण्यात उभ्या असलेल्या नौकेपर्यंत जावे लागेल. मराठी समीक्षेला हे अंतर अद्याप कापावयाचे आहे.